खरखरीशी झुंजलेला मेजर

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ हवेत उमटला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालवलेले हे भूमिगत केंद्र पुढे कॅसलरॉकच्या रानात हलले आणि गोवा मुक्त होईपर्यंत पोर्तुगीज व कोकणी भाषांतून बोलत राहिले. केंद्राची ही कथा गोमंतकीयांना परिचित आहे. तिची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. रानातल्या लहानशा प्रक्षेपकाचा संकेत क्षीण होता. हवेत त्याच्या आजूबाजूला मोठमोठ्या केंद्रांचा गलबला होता. १९४६ मध्ये सुरू झालेली ‘एमिसोरा द गोवा’ तर अंगणातच उभी होती. या गर्दीतून हवा तेवढाच आवाज निवडून काढण्याचे काम पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या घरांमधील व्हॉल्व्हचे रेडिओसंच करीत होते. त्या काळच्या बहुतेक संचांची अंतर्गत रचना एकच होती. तिला सुपरहेटरोडाइन असे लांबलचक नाव आहे आणि तिच्या मर्मस्थानी मिक्सर नावाचा एक टप्पा असतो. ही रचना जगाला देणारे एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे आंबोलीचे केंद्र सुरू होण्याच्या बावीस महिने आधीच न्यूयॉर्कमध्ये निवर्तले होते.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरातला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचे अमेरिकेतील प्रतिनिधी, आई लग्नापूर्वी शिक्षिका. घरात पुस्तकांना तोटा नव्हता. आठ-नऊ वर्षांच्या वयात एडविनला अंगाला झटके आणणारा एक आजार जडला. त्यापायी दोन वर्षे शाळा सुटली, घरीच शिकावे लागले. आजार बरा झाला, पण खांदा आणि मान उडण्याची लकब जन्मभर राहिली. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहायला गेले. मार्कोनीच्या पराक्रमाविषयी वाचून हा मुलगा बिनतारी संदेशांच्या नादी लागला. माळ्यावरच्या खोलीत त्याची प्रयोगशाळा होती आणि परसात त्याने स्वतः उभारलेला १२५ फूट उंचीचा खांब. त्या खांबावर दोराला बांधलेल्या फळीवर बसून तो वर जाई. उंचीचे हे वेड त्याला शेवटपर्यंत सोडून गेले नाही.

कोलंबिया विद्यापीठात तो लाल रंगाच्या मोटारसायकलवरून जात असे. तिथे मायकेल प्युपिन यांच्यासारखा गुरू लाभला. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तयार केलेला ऑडिऑन हा तीन अग्रांचा व्हॉल्व्ह तेव्हा उपलब्ध होता. तो कसा चालतो, हे मात्र त्याच्या जनकालाही नीट उमगलेले नव्हते. आर्मस्ट्राँग यांनी तो मोजून-मापून समजून घेतला. १९१२ मध्ये त्यांनी व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेल्या संकेताचा थोडा अंश पुन्हा त्याच्याच तोंडाशी दिला. संकेत फिरून फिरून बलवान होऊ लागला आणि ज्या केंद्रांची कुजबुजही ऐकू येत नव्हती ती स्पष्ट ऐकू येऊ लागली. हा परतावा एका मर्यादेपलीकडे वाढवला की व्हॉल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करू लागतो, हेही त्यांच्या लक्षात आले. म्हणजे एकाच मांडणीतून संवेदनशील संग्राहकही मिळाला आणि आंदोलकही.

पेटंट घेण्यासाठी वडिलांनी पैसे देण्याचे नाकारले; आधी पदवी पूर्ण कर, हा त्यांचा आग्रह होता. तेव्हा पैशाविना जे करता येईल ते त्यांनी केले. ३१ जानेवारी १९१३ रोजी मांडणीचे रेखाचित्र नोटरीसमोर साक्षांकित करून घेतले. प्रत्यक्ष अर्ज त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झाला आणि पेटंट १९१४ मध्ये मिळाले. या काही महिन्यांच्या विलंबाची किंमत पुढे वीस वर्षे मोजावी लागणार होती.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा आर्मस्ट्राँग सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन होऊन पॅरिसला गेले. युद्ध संपता संपता ते मेजर झाले आणि पुढे आयुष्यभर लोक त्यांना मेजर म्हणूनच ओळखत राहिले. पॅरिसमध्ये त्यांच्यासमोर एक अडचण होती. अतिशय उच्च वारंवारतेच्या क्षीण लहरी त्या काळच्या व्हॉल्व्हना वाढवता येत नव्हत्या. शत्रूच्या विमानांच्या इंजिनातील ठिणग्यांतून निघणाऱ्या लहरी टिपून विमानांचा ठाव घेता येईल का, असाही विचार त्यांच्या मनात घोळत होता. त्यातून १९१८ मध्ये तोडगा निघाला. वर जाऊन लहर वाढवता येत नसेल, तर लहरीलाच खाली आणावे.

हे खाली आणणे म्हणजे काय, ते पेटीच्या सुरांवरून समजू शकते. भजनाला दोन पेट्या लागल्या आणि एकीचा षड्ज सेकंदाला ४४० कंपनांचा, दुसरीचा ४४४ कंपनांचा असेल, तर ऐकणाऱ्याला सुरात एक लाट जाणवते. सेकंदाला चार वेळा आवाज चढतो आणि उतरतो. तंबोरा जुळवणारा याच लाटेवर कान ठेवून तार सारखी करतो. रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९०१ मध्ये हीच कल्पना रेडिओलहरींना लावली होती आणि तिला हेटरोडाइन हे नाव दिले होते. मात्र इथे एक बारकावा आहे. हवेत दोन सूर केवळ एकमेकांत मिळतात. लाट जाणवली तरी चार कंपनांचा तिसरा सूर तिथे खरोखर जन्माला आलेला नसतो. तिसरा सूर जन्माला घालायचा तर मध्ये कुणीतरी वाकडे वागणारे लागते. जत्रेतला कर्णा मर्यादेबाहेर मोठा केला की आवाज फाटतो, तो याच कारणाने. आत जाते तेवढ्याच पटीत बाहेर पडणे थांबते आणि गायकाने न लावलेले सूर कर्णा स्वतःच तयार करतो. कर्ण्यातला हा दोष मिक्सरमध्ये मुद्दाम योजलेला असतो. त्याच्या वाकडेपणातूनच आलेल्या लहरीची आणि संचातल्या आंदोलकाच्या लहरीची बेरीज व वजाबाकी तयार होते.

उदाहरणादाखल आकाशवाणीच्या पणजी केंद्राची मध्यम लहरींवरील जुनी ओळख घ्यावी: १२८७ किलोहर्ट्झ. रेडिओची कळ तिथे आणली की संचातला आंदोलक १७४२ किलोहर्ट्झवर चालू लागतो. मिक्सरमधून या दोहोंमधील फरक बाहेर पडतो, तो ४५५ किलोहर्ट्झ. दुसरे केंद्र लावले की आंदोलकही तेवढाच सरकतो आणि फरक पुन्हा ४५५ च राहतो. त्यामुळे पुढची सगळी वर्धके आणि गाळण्या त्या एकाच वारंवारतेसाठी कायमच्या बसवून ठेवता येतात. संचामागून संच, केंद्रामागून केंद्र, कळ फिरवणाऱ्याला आतले काहीच जुळवावे लागत नाही. या युक्तीला लागणारा आंदोलकही आर्मस्ट्राँग यांच्या विद्यार्थिदशेतील शोधातूनच आलेला होता. फ्रान्समध्ये डिसेंबर १९१८ मध्ये आणि अमेरिकेत पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांनी अर्ज केले. अमेरिकेतील पेटंट ८ जून १९२० रोजी मिळाले.

कल्पना एकाच वेळी अनेकांना सुचण्याचा तो काळ होता. फ्रान्समध्ये ल्युसिएन लेव्ही यांनी १९१७ मध्येच तशी मांडणी पेटंटबद्ध केली होती. जर्मनीत वॉल्टर शॉट्की त्याच वाटेवर होते. पुढे लेव्ही यांचे हक्क एका बलाढ्य टेलिफोन कंपनीने विकत घेतले आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस आर्मस्ट्राँग यांच्या पेटंटमधील दावे एकेक करून इतरांच्या नावावर गेले. तरीही कागदावरची कल्पना चालणाऱ्या यंत्रात उतरवून ती घराघरात जाण्याजोगी करण्याचे श्रेय त्यांच्याकडेच राहते.

यश आले ते भरभरून आले. वेस्टिंगहाउसने १९२० मध्ये त्यांची पेटंटे ३ लाख ३५ हजार डॉलरला घेतली. दोन वर्षांनी आणखी एका शोधासाठी रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे आरसीए या कंपनीने रोख रकमेसोबत इतके समभाग दिले की आर्मस्ट्राँग तिचे सर्वांत मोठे व्यक्तिगत भागधारक ठरले. कंपनीचे सूत्रधार डेव्हिड सार्नॉफ त्यांचे स्नेही होते. सार्नॉफ यांच्या सचिव मॅरियन मॅकिनिस यांच्याशी १ डिसेंबर १९२३ रोजी आर्मस्ट्राँग यांचा विवाह झाला. भेट म्हणून त्यांनी वधूला हातातून नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ करून दिला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते न्यूयॉर्कमधील उंच इमारतीच्या गच्चीवरील आरसीएच्या मनोऱ्यावर चढून बसले होते. तो प्रकार सार्नॉफ यांना मुळीच रुचला नव्हता. पुढच्या वर्षी बाजारात सुपरहेटरोडाइन संच आले आणि १९३० पासून इतर कंपन्यांनाही ते बनवण्याचे परवाने मिळू लागले.

संच घरोघर पोहोचले तशी मिक्सरची दुसरी बाजूही उघडी पडली. जो वाकडेपणा हवी ती वजाबाकी करून देतो, तोच नको त्या वजाबाक्याही करतो. १७४२ वर चालणाऱ्या आंदोलकापासून ४५५ चे अंतर खालच्या बाजूला १२८७ ला पडते, तसे वरच्या बाजूला २१९७ ला पडते. तिथे एखादे जोरकस केंद्र असेल तर त्याचाही फरक ४५५ च येणार, आणि मिक्सरला दोघांत भेद करता येत नाही. ही जणू आरशातली प्रतिमा. पट्ट्यात ९१० किलोहर्ट्झच्या आसपास ऐकू येणारी शिट्टीही अशीच घरची उपज असते. ४५५ ची दुप्पट ९१० होते.

याहून अवघड प्रकार दोन बाहेरच्या बलवान केंद्रांनी आपापसांत केलेला. समजा एक केंद्र १००० वर आणि दुसरे ११०० वर आहे. मिक्सरवर दोन्ही जोराने आदळली, तर एकाच्या दुपटीतून दुसरे वजा होऊन ९०० आणि १२०० वर भुते उभी राहतात. त्या जागी कोणतेही केंद्र नसताना दोन्हींचे कार्यक्रम एकमेकांत कालवून ऐकू येतात. ९०० वर एखादे दूरचे, क्षीण केंद्र ऐकायचे असेल तर ते या कालव्याखाली गाडले जाते. एकदा हे मिश्रण झाले की नंतर कितीही चांगली गाळणी बसवली तरी उपयोग होत नाही, कारण भूत नेमके हव्या त्या वारंवारतेवरच बसलेले असते. नीर आणि क्षीर वेगळे करणारा राजहंसही इथे हतबल ठरावा.

या विकृतीचे गणित विलक्षण आहे आणि तेच तिच्या उपायाची वाटही दाखवते. आत येणारे दोन्ही संकेत दुप्पट झाले की हवा तो संकेत दुप्पट होतो, पण अशी भुते आठपट होतात. संकेत निम्मे केले तर भुते आठव्या हिश्शावर येतात. खेडोपाडी दूरचे केंद्र मिळावे म्हणून माडापासून माडापर्यंत एरियलची लांबलचक तार ताणण्याची रीत होती. शांत पट्ट्यात तिचा लाभ होई. पण जवळच एखादे मोठे केंद्र गर्जत असेल, तर तीच लांब तार मिक्सरला गुदमरवून टाकी आणि तार आखूड केल्यावर क्षीण केंद्र उलट स्पष्ट होई. ऐकू येत नसेल तर जोर वाढवावा, ही मनुष्यस्वभावाची पहिली धाव. रेडिओच्या मिक्सरपुढे ती बहुधा चुकीची ठरते.

म्हणून चांगला संच घडवणारे मिक्सरच्या आधीच राखण करतात. दारातच जुळवलेली मंडले बसवून आरशातल्या प्रतिमेला अडवायचे आणि मिक्सरपूर्वीचे वर्धन गरजेपुरतेच ठेवायचे, हा पहिला धडा. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पाच जाळ्यांचे व्हॉल्व्ह आले. त्यांत आंदोलकाचा आणि आलेल्या संकेताचा प्रवेश वेगवेगळ्या जाळ्यांतून होत असे, त्यामुळे दोघे एकमेकांच्या पायात येत नसत. युरोपीय संचांनी ट्रायोड-हेक्झोड ही जोडगोळी पसंत केली. पुढची पायरी संतुलित मिक्सरची. त्यात दोन किंवा चार घटक असे समोरासमोर बसवतात की हव्या त्या वजाबाक्या एकमेकींत मिळतात, तर नको असलेल्यांपैकी बऱ्याच परस्परांना खोडून काढतात. आंदोलकाला भरपूर जोर देऊन घटकांना निव्वळ उघड-मीट करणाऱ्या कळीसारखे वागायला लावले, तर आलेल्या संकेताला वाकडेपणाचा संसर्ग कमीत कमी होतो, हेही अनुभवाने कळले. १९६८ मध्ये बॅरी गिल्बर्ट यांनी प्रसिद्ध केलेली ट्रान्झिस्टरांची मांडणी याच कुळातली. तिचे वंशज आजच्या मोबाइल फोनमध्ये नांदत आहेत.

संतुलनाचा आणखी एक लाभ भूमिगत श्रोत्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला असता. साध्या संचातील आंदोलकाची लहर थोडीशी का होईना, एरियलवाटे बाहेर गळते. म्हणजे ऐकणाराही नकळत किंचित बोलत असतो. ब्रिटिश गुप्तचरांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत हेरांचे संग्राहक अशाच गळतीवरून हुडकण्याची युक्ती वापरली होती.

आर्मस्ट्राँग स्वतः मात्र एव्हाना खरखरीच्या मुळाशी जाऊन भिडले होते. मिक्सर कितीही निर्दोष केला तरी आकाशातून येणाऱ्या खरखरीवर त्याचा इलाज नव्हता. वळवाच्या पावसात सह्याद्रीवर वीज कडाडली की रेडिओही कडाडतो, हे गोव्यात वेगळे सांगायला नको. त्या काळच्या प्रक्षेपणात आवाज लहरीच्या उंचीवर स्वार होई आणि वीजही लहरीची उंचीच हलवते. तेव्हा आवाज उंचीवर न बसवता वारंवारतेच्या चढउतारावर बसवावा, हा विचार पुढे आला. कल्पना जुनीच होती. पण टेलिफोन कंपनीतील गणिती जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये सिद्ध करून दाखवले होते की या पद्धतीने पट्टा अरुंद करता येत नाही, उलट संकेत विकृत होतो. अभियांत्रिकी जगाने तो विषय मिटवून टाकला. कार्सन यांचे गणित अचूक होते. आर्मस्ट्राँग यांनी प्रश्नच उलटा केला. पट्टा अरुंद करण्याचा हव्यास सोडून तो मोकळेपणाने रुंद केला आणि संग्राहकात लहरीची उंची छाटून सपाट करणारा टप्पा बसवला. विजेने हलवलेली उंची छाटणीत निघून गेली. आवाज वारंवारतेच्या हेलकाव्यात सुखरूप राहिला. मिक्सर हा हेलकावा जसाच्या तसा खाली आणतो, म्हणून इथेही सुपरहेटरोडाइनचीच रचना कामी आली. फक्त मधला टप्पा पुढे १०.७ मेगाहर्ट्झवर स्थिरावला. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना या पद्धतीची पेटंटे मिळाली. हेच आजचे एफएम.

५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेत त्यांनी ते ऐकवले. पेल्यात ओतलेले पाणी, चुरगळलेला कागद, असे साधे आवाज मैलोगणती दुरून आले आणि श्रोत्यांना ते शेजारच्या टेबलावरचे वाटले. त्या आवाजांच्या मागची शांतता अधिक थक्क करणारी होती. रेडिओ चालू असताना इतकी शांतता कुणी ऐकलेली नव्हती.

या आनंदाला आधीपासूनच दुःखाची किनार लागलेली होती. डी फॉरेस्ट यांनी परताव्याच्या मांडणीवर स्वतःचा हक्क सांगून वर्षानुवर्षे दावे चालवले होते. १९१२ मधील प्रयोगवहीतल्या एका नोंदीचा त्यांना आधार होता. ती मांडणी ऐकवायला गेल्यावर ओरडते, एवढेच त्या नोंदीतून दिसते आणि त्या ओरडण्याला तेव्हा दोष समजून दूर सारले गेले होते. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्रातील तांत्रिक विवेचन अभियंत्यांना पटले नाही. मांडणी हाती असणे आणि ती समजणे यांतला भेद न्यायालयाच्या चिमट्यातून निसटला, असेच म्हणावे लागते. आर्मस्ट्राँग त्याच वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सच्या अधिवेशनात गेले. परताव्याच्या शोधासाठी या संस्थेने आपले पहिले सन्मानपदक त्यांना दिले होते. ते परत करण्याची त्यांची तयारी होती. संस्थेने ते घ्यायला नकार दिला आणि सभागृह त्यांच्यासाठी उभे राहिले.

एफएमच्या चाचण्यांसाठी आरसीएने त्यांना एम्पायर स्टेट इमारतीवर जागा दिली होती. १९३५ मध्ये ती काढून घेतली गेली. कंपनीचा पैसा आणि जीव दूरचित्रवाणीत गुंतलेला होता आणि सार्नॉफ यांना खरखर घालवणारे एखादे उपकरण हवे होते, संपूर्ण प्रक्षेपणव्यवस्था उलटीपालटी करणारी पद्धत नव्हे. आर्मस्ट्राँग यांनी मग स्वखर्चाने न्यू जर्सीतील अल्पाइन येथे हडसनच्या कड्यावर चारशे फुटांहून उंच मनोरा उभारला. १९४० पर्यंत एफएम केंद्रांची माळ तयार होऊ लागली होती. महायुद्धाने तिला खीळ बसली. युद्धकाळात त्यांनी आपली पेटंटे सरकारला विनामोबदला वापरू दिली. १० जानेवारी १९४६ रोजी अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेने चंद्रावर रडारलहर पाठवून तिचा प्रतिध्वनी अडीच सेकंदांनी टिपला. त्या यंत्रणेत आर्मस्ट्राँग यांच्या उपकरणांचा अंश होता. संग्राहकात चांद्रसंकेताला एका मागोमाग एक चार मिक्सरांतून उतरवत १११.५ मेगाहर्ट्झपासून सेकंदाला केवळ १८० कंपनांपर्यंत आणले होते. पॅरिसमधली युक्ती चंद्रापर्यंत पोहोचली.

त्याच सुमारास जमिनीवर मात्र घाव बसला होता. १९४५ मध्ये अमेरिकी नियामकांनी एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून उचलून ८८ ते १०८ मध्ये नेले. लोकांनी विकत घेतलेले सुमारे पाच लाख संच एका आदेशाने निरुपयोगी झाले. आज गोव्यासह बहुतेक जगात एफएम याच पट्ट्यात ऐकले जाते. या पट्ट्याची वरची कड जिथे संपते, तिथून विमानांची हद्द सुरू होते. १०८ ते ११२ मेगाहर्ट्झमध्ये विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेवर आणणारे संकेत असतात आणि ११८ पासून वैमानिक व नियंत्रण मनोरा यांचे संभाषण. १०७ आणि १०५ मेगाहर्ट्झवरची दोन जोरकस एफएम केंद्रे विमानातल्या दुबळ्या मिक्सरवर एकदम आदळली, तर १०७ च्या दुपटीतून १०५ वजा होऊन १०९ मेगाहर्ट्झचे भूत नेमके धावपट्टीच्या संकेतावर उभे राहील. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीने याच कारणासाठी १९९८ पासून विमानांतील संग्राहकांना एफएमच्या माऱ्यापुढे टिकण्याचे मापदंड लावले आहेत. पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. पावसाळी ढगांतून धावपट्टी शोधणाऱ्या विमानाच्या सुरक्षिततेत मिक्सरच्या सरळपणाचा वाटा आहे, ही गोष्ट खिडकीतून खाली पाहणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानीमनीही नसते.

आरसीए आणि इतर कंपन्या एफएमचा वापर करू लागल्या, पण आरसीएने स्वामित्वधन देण्याचे नाकारले. जुलै १९४८ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी तिच्यावर आणि तिच्या नभोवाणी कंपनीवर दावा लावला. कंपनीच्या वकिलांनी त्यांना साक्षीच्या पिंजऱ्यात दिवसच्या दिवस अडकवून ठेवले. पेटंटांची मुदत संपत चालली होती, संपत्ती ओसरत होती. न्यायालयात सत्याचा निवाडा होतो, या श्रद्धेवर १९३४ नंतरही त्यांनी पुन्हा विसंबावे, याचे आश्चर्य वाटते. त्यांच्या मित्रांनी तडजोडीचे सल्ले दिले होते. पण जो माणूस संकेतात एक सहस्रांश भेसळ खपवून घेत नसे, त्याला आपल्या नावावरची भेसळ कशी सोसवावी! १९५३ च्या अखेरीस पैशांवरून पतिपत्नींत कडवट भांडण झाले आणि मॅरियन बहिणीकडे निघून गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री पत्नीची क्षमा मागणारे पत्र लिहून आर्मस्ट्राँग यांनी आपले जीवन संपवले. एकेचाळीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्यांनी नोटरीसमोर आपले पहिले रेखाचित्र ठेवले होते.

मॅरियन यांनी लढा सोडला नाही. आरसीएने १९५४ मध्येच दहा लाख डॉलरहून थोडी अधिक रक्कम देऊन तडजोड केली. उरलेल्या कंपन्यांशी त्या एकेक करून लढल्या आणि प्रत्येक ठिकाणी जिंकल्या किंवा कंपनीला नमते घ्यावे लागले. मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा दावा १९६७ मध्ये निकाली निघाला, तेव्हा आर्मस्ट्राँग यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती आणि एफएम त्यांचेच, हे कायद्याच्या कागदावर आले होते. अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जोडमनोरे कोसळले आणि त्यांच्या माथ्यावरची प्रक्षेपणे बंद पडली, तेव्हा शहरातील काही दूरचित्रवाणी केंद्रांनी याच मनोऱ्यावरून आपले कार्यक्रम पुन्हा सुरू केले.